शिट्टी मला ऐकू आली नाही

इथले अनुभव मी वाचते ते मुख्यतः चुका काढायला. हाडाची मास्तरीण, काय करणार! अमावास्या, पिंपळ, पांढरी साडी... असलं काही आलं की मी सरळ पान उलटते. नवी नवी नोकरीला लागले तेव्हा जत्रेत अंगात आलेल्या एका बाईंना मी तेराचा पाढा विचारला होता. त्यावरून सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या. तेव्हा हे भुताखेताचं नाही. कशाचं आहे, ते मात्र मला खरंच माहीत नाही.

गोष्ट १९९९ सालच्या दिवाळीनंतर सुरू होते. घर माझं महाडला, नोकरी पोलादपूर तालुक्यात. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर एसटीतून उतरायचं आणि अर्धा तास चढण चढायची, की वाडी आणि तिथली शाळा. एकच लांब खोली, पहिली ते चौथी, शिकवायला मी आणि हेडमास्तर गुरुजी. खोलीच्या पाठीला डोंगर, पुढे अंगण, अंगणाच्या टोकाला आंबा. सोमवार ते शनिवार मी वाडीतच खोली घेऊन राहायचे.

त्या खोलीत रूथ आली. न्यूझीलंडची, तेवीस वर्षांची पोरगी. कुठल्याशा संस्थेतर्फे सहा महिने बिनपगारी इंग्रजी शिकवायला. रोज संध्याकाळी ती वहीत तारखेपुढे एक बाण काढायची. दिवस चांगला गेला तर वर, नाहीतर खाली. पोट बिघडलं – खाली. पोरींनी वेणीत अबोली माळली – वर. गवत कापायचं म्हणून निम्मी पोरं शाळेत आलीच नाहीत – खाली. तिने थापलेली नाचणीची भाकरी फुगली – वर, आणि बाणाला चक्क शेपटी! पण ‘माय नेम इज’च्या पुढे वर्गाची गाडी काही सरकेना, आणि संक्रांतीपर्यंत खालचे बाण फार झाले. कधी कधी वही मिटून ती नुसती ओटीवर बसून राहायची. मला तिची दया यायची, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटायचं. म्हटलं, आम्ही इतकी वर्षं घासतोय, ही सहा महिन्यांत काय दिवे लावणार होती?

अशात एके दुपारी कोयनेचा धक्का बसला. आमच्याकडे त्याचं कुणाला काही नाही. भांडी वाजतात, कुणीतरी म्हणतं "कोयना हलली", की झालं. रूथ दोन उड्यांत आंब्याखाली! पोरं हसून हसून लोळली. ती मात्र पांढरीफटक पडली होती. मला म्हणाली, "तुम्ही कुणीच कसे बाहेर आला नाहीत?"

दुसऱ्या दिवसापासून तिची कवायत सुरू. तिच्या पाठपिशवीला एक नारिंगी शिट्टी होती. ती तीनदा वाजली की सगळं जिथल्या तिथे टाकायचं, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडायचं, आंब्याखाली मोठ्याने आकडे म्हणायचे. आणि बाईंनी हात वर केल्याशिवाय कुणीही परत आत जायचं नाही. पहिल्याच दिवशी दारात ही गर्दी... कारण प्रत्येकजण आपापल्या चपला शोधत होता. बरोबरच आहे, चपला टाकून गेलं आणि हरवल्या तर घरी पाठ कोण शेकून घेणार? बाण खाली. मग रूथने चपला आंब्याखालीच काढायला लावल्या. पोरांनी तिथून अनवाणी वर्गात यायचं. मातीचे पाय वर्गभर! झाडू मारायला मी! आमचं कडाक्याचं भांडण झालं, पण तिने ऐकलं नाही. आठवड्यातून दोनदा कवायत म्हणजे कवायत.

एप्रिलअखेर पोलादपूरच्या स्टँडवर तिला सोडायला गेले. म्हणाली, "माझ्याकडून ही मुलं काहीच शिकली नाहीत. नुसतं बाहेर पडायला शिकली."

मी आपलं चेष्टेत म्हटलं, "त्यात काय, ते त्यांना आधीपासूनच येत होतं!"

ती हसली नाही. तेव्हाच जीभ चावली, पण गाडी सुटली होती. जूनमध्ये शाळा भरली तशी मी चपला परत दाराशी आणल्या. कवायत अर्थातच बंद.

जुलैचा तिसरा आठवडा. चार दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. गुरुजी मीटिंगला पोलादपूरला, म्हणून चारही वर्ग माझ्याकडे. पट तेहतीस, हजर सत्तावीस, तसं मीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं होतं. साडेअकराच्या सुमारास मी वर्गाकडे पाठ करून भागाकार सोडवत होते. मागे खसफस झाली. वळून बघते तर सगळी पोरं उठलेली! पाट्या खाली, खांद्यावर हात, आणि चालली बाहेर. चूं नाही की चां नाही.

"ए, कुठे निघालात? बसा खाली!"

एकही थांबलं नाही. दाराशी चपलांची रांग होती, तिकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. मी पट्टी घेऊन पाठोपाठ धावले. भर पावसात आंब्याखाली आकडे चालू होते, वन, टू, थ्री... थेट ट्वेंटी सेव्हन. माझं डोकंच फिरलं. माझ्या सर्वांत जवळ चौथीतली सुगंधा होती, वर्गातली सर्वांत गरीब स्वभावाची पोर. तिचं मनगट धरलं आणि शाळेकडे ओढायला लागले. म्हटलं, ही आत गेली की बाकीची येतील.

सुगंधाने चिखलात बसकणच मारली. "नाय बाई. हात वर केल्याबिगर आत नाय जायाचा."

"कुणी हात वर केल्याबिगर? रूथबाई गेल्या ना!"

"पन शिटी वाजली ना बाई."

"कुठली शिट्टी? मी नाही ऐकली!"

आणि तेव्हाच डोंगर आत आला. आवाज फार मोठा नव्हता, पोतं ओतल्यासारखा. मागची भिंत, माझा अर्धा भागाकार, सत्तावीस पाट्या, सत्तावीस जोड चपला. मी सुगंधाचं मनगट धरूनच उभी होते, ते सोडायचंही सुचलं नाही. मग तिच्याशेजारी चिखलात बसले आणि रडले.

वाडीने आंब्याला नारळ फोडला. मी माझ्या वळणावर गेले. चार दिवसांनी मुलांना एकेकटं बोलावून विचारलं, एकमेकांचं ऐकून सांगू नये म्हणून. सगळ्यांचं एकच, शिटी ऐकली, तीनदा. कुठून? कुणी म्हणे आंब्याकडून, कुणी म्हणे मागून. पहिलीतल्या चौघांनी तर रूथची कवायत कधी केलीच नव्हती, ती जूनमध्येच शाळेत आलेली. ती पोरंही म्हणाली, ऐकली. मी म्हटलं, पावसाळ्यात तो काळा-निळा पक्षी माणसासारखी शीळ घालतो, तोच असेल. त्यावर पोरं मला हसली. "बाई, त्या पाखराला आमी रोज ऐकतो!"

वाडीत दुसरी शिट्टी नव्हती. महाडला जाऊन मी कान तपासून घेतले. ठणठणीत.

रूथला पत्र लिहिलं. आधी माफी मागितली, मग लिहिलं, पोरं बाहेर पडली गं, सगळीच्या सगळी. दीड महिन्याने पाकीट आलं. पत्र चारच ओळींचं, खाली शेपटीवाला वरचा बाण, आणि आत नारिंगी शिट्टी. ‘घरी आल्यापासून ही खणातच पडून होती,’ असं तिने लिहिलं होतं. तेव्हापासून दर आठवड्याला मी कवायत घेते. चपला झाडाखाली. शिट्टी मला अगदी स्वच्छ ऐकू येते.

एवढ्यावरच असतं तर मी हे लिहिलं नसतं. मनाशी म्हणायचे, एखाद्याला भास झाला असेल, तो उठला, त्याच्यामागे सगळे उठले, आणि नंतर सगळ्यांना वाटायला लागलं की आपणही ऐकली. मुलं असतात तशी. हे पुस्तकी उत्तर दहा-बारा वर्षं पुरलं.

गेल्या मे महिन्यात महाडच्या एसटी स्टँडवर सुगंधा भेटली. दासगावला दिलीय तिला, कडेवर लेक होती. चहा घेताना न राहवून मी विचारलं, "खरं सांग गो, तू ऐकली होतीस शिट्टी?"

तिने लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "खरा सांगू बाई? वर्गात मी नव्हती ऐकली. सगली उठली, म्हनून मी उठली."

माझा जीव भांड्यात पडला. मी हसलेसुद्धा. कप खाली ठेवला आणि म्हटलं, बघ, मला वाटलंच होतं.

"वर्गात नाय ऐकली," ती म्हणाली. "तुमी माजा हात धरून वडत व्हतात ना बाई... तवा ऐकली."