आप्पांची चार खोल्यांची शाळा

माझ्या मावशीच्या यजमानांइतका, म्हणजे आप्पांइतका, गडगंज माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात सापडायचा नाही, हे मी छातीठोक सांगते. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं लहानसं अडतीचं दुकान, जवळच्या त्यांच्या गावात पत्र्याचं एक गोदाम, आणि गोदामाशेजारी मुलींची चार खोल्यांची शाळा. शाळेला पूर्वेच्या खिडक्या, दगडी उंबरा, दारात कडुनिंब. या शाळेतला कडुनिंब तेवढा तुम्हाआम्हाला दिसतो. बाकीचं आप्पांना दिसतं.

आप्पा म्हणजे कपाळभर विभूती, खांद्यावर चौकड्याचा मोठा रुमाल आणि चेहऱ्यावर कायम आत्ताच झोपेतून उठल्याचा, नाहीतर आत्ताच झोपायला निघाल्याचा भाव. मोंढ्यात दर कडाडोत की कोसळोत, हा माणूस तुरीच्या पोत्याला टेकून आभाळाकडे बघत बसलेला. मावशी म्हणायची, "लग्नात अक्षता पडत हुत्या, तवा बी मला वाटलं, आता हे घोरतेत!" जगाबद्दलचं त्यांचं ज्ञानही असंच निवांत. ज्याला मराठी येत नाही त्याला कन्नड येणारच, अशी त्यांची समजूत, आणि उदगीरकडे हा हिशेब सहसा चुकत नाही. त्यामुळे गावची शाळा बघायला परदेशातून एक बाई आल्या, तेव्हा आप्पा हात जोडून पुढे झाले आणि म्हणाले, "बर्री अव्वा, ऊटा आयता?" या बाई, जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. बाई गोड हसल्या. "बघ, समजलं," आप्पा मला म्हणाले.

मी तिथे दुभाषी म्हणून गेले होते, कारण मी लातूरला इंग्रजी शिकवते. बाई मुलींच्या शिक्षणाला मदत करणाऱ्या एका परदेशी संस्थेच्या. किनवटकडच्या जंगलातल्या पुष्कळ पोरी त्यांच्याच मदतीने वसतिगृहात राहून शिकल्या होत्या. मावशीच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढची उदगीरला, आणि एस.टी. तिच्या मर्जीने येणार, म्हणून सातवी झाली की पोरी घरी बसायच्या. बाईंनी शिवकांता नावाच्या एका चुणचुणीत मुलीला विचारलं, तुला मोठेपणी काय व्हायचंय? शिवकांता उठली, ओढणीचं टोक चावलं आणि म्हणाली, "आठवी." सगळा वर्ग खो खो हसला. मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा बाई हसल्या नाहीत. आप्पाही हसले नव्हते.

निघताना बाईंनी आप्पांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. नेमका त्याच वेळी आप्पांचा रुमाल खांद्यावरून घसरला आणि त्या हातांवर पडला. झालं! आता मोंढ्यात बोली उघड लागते, पण आप्पांच्या उमेदीत सौदे रुमालाखाली व्हायचे. वर दोघांच्या पाऊसपाण्याच्या गप्पा, आणि खाली बोटं धरून भाव सांगायचा. जितकी बोटं दाबली तितका आकडा. हात सुटला की सौदा पक्का. बाईंनी मायेने आप्पांची बोटं दाबली. आप्पांचे डोळे अर्धवट मिटले, मान हलली. बाईंची गाडी फुफाट्यात दिसेनाशी झाल्यावर ते म्हणाले, "चार."

"चार काय, आप्पा?"

"चार खोल्या. आठवी, नववी, धाव्वी, अन् एक मास्तरणींना बसायला. सौदा झाला."

मी जीव तोडून सांगितलं, की अहो, त्यांच्याकडे निरोप घेताना असाच हात धरतात. आप्पांनी माझ्याकडे अशा काही कीवेने पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. "पोरी, तू पुस्तकातलं लई शिकलीस. पण बाजारातलं तुला काय ठावं? अंगठा सोडून चारी बोटं दाबली तिनं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदामाशेजारच्या मोकळ्या जागेत काठीने रेघा ओढल्या. रेघा वाऱ्याने पुसून गेल्या, पण आप्पांच्या डोळ्यांसमोरून काही हलल्या नाहीत. तिथून आडवं जायची सोय उरली नाही. जायचं तर कडुनिंबाजवळ रेघ मोकळी सोडली होती त्या दारातून. मावशीने एकदा नेहमीच्या जागी बाजेवर कुरडया घातल्या, तर आप्पा घरातून ओरडत आले, "अगं उचल ते! नववीच्या वर्गात कुरडया वाळवून राहिली!" कुणाची शेळी शिरली की म्हणायचे, "हाकला तिला! हिचं नाव हाय का पटावर?" गावात नव्याने आलेल्या एका जावयाला तर भिंतीतून आला म्हणून त्यांनी परत फिरवलं आणि दारातून आणलं. बिचारा सासरच्या धाकाने मुकाट आला. गावाने पोटभर हसून घेतलं. मग म्हाताऱ्याशी कोण हुज्जत घालणार, म्हणून एकेक जण दारातून ये-जा करायला लागला, आणि पुढे पुढे त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं.

तेवढ्यात शिवकांताची सातवी संपली. आता घरी बसेल, चांगलं स्थळ आलं की बघू, असं तिच्या बापाने ठरवलं. आप्पा त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. "येड्या, पोरीची शाळा ठरलीया. बांधकामाला उशीर हाय, तवर माझ्या गोदामात बसंल." बाप नको म्हणेना आणि हो म्हणेना, तसे आप्पा त्याच्या ओट्यावर आडवे झाले आणि चक्क झोपले. उठले तेव्हा बाप पोरीचं दप्तर शोधत होता.

गोदामातली तूर आप्पांच्या झोपायच्या खोलीत आली. मावशीने कपाळावर हात मारला आणि पोत्यांच्या कडेला आपलं अंथरूण घातलं. गावातलीच एक डी.एड. झालेली सून शिकवायला आली, रविवारी मी जायची. शिवकांताबरोबर आणखी पोरी आल्या. तुरीचा भुसा पत्र्याच्या पन्हाळीत इतका मुरलेला, की वारा सुटला की समीकरण अर्धं टाकून सगळा वर्ग शिंकायचा. बाहेर आप्पा कडुनिंबाखाली बसून शाळेकडे बघत असायचे. मोटारीचा आवाज आला की रुमाल झटकून उठायचे. ती कुणातरी भलत्याचीच निघायची. "माल मागंपुढं होतो," असं म्हणून पुन्हा बसायचे.

माल येणार नव्हता. संस्थेच्या लातूरच्या माणसाने मला सांगितलं, की त्यांचं इकडचं काम संपलं. जिथे गरज जास्त आहे अशा दुसऱ्या एका देशात ते गेलं. त्यांचंही खरंच होतं. मी ते आप्पांना सांगितलं. त्यांनी नुसतं "हाव" म्हटलं आणि खिडकीला झडपा कसल्या लावाव्यात ते विचारलं.

तीन वर्षांनी शिवकांताने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीची परीक्षा दिली. निकाल लागला त्या संध्याकाळी आप्पा आपल्या शाळेत, मास्तरणींच्या खोलीत बसले होते. मी शेजारी. शिवकांता पेढे घेऊन रस्त्यावरून पळत आली, मोकळ्या जागेच्या कडेला गपकन थांबली, वळसा घालून दारापाशी आली, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि मग आत आली. आप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "आता काय व्हायचंय?"

"अकरावी," ती म्हणाली, आणि खुदकन हसली.

ती गेली. आप्पांचे डोळे भरून आलेले, आणि माझेही. मला राहवेना. म्हटलं, "आप्पा, खरं सांगा. त्या बाईंनी चार खोल्या कबूल केल्या, असं तुम्हाला खरंच वाटतं?"

त्यांनी माझा हात रुमालाखाली घेतला आणि चारी बोटं दाबली. त्यांचा हात खरखरीत आणि उबदार होता. "तिनं काय म्हणलं ते तिला ठावं, बाळ. मला चार ऐकू आलं. ऐकू आल्यावर सौदा मोडायचा कुणी? तिनं मोडला असंल. मी न्हाई मोडला."

अंधारून आलं होतं. गोदामात नव्या आठवीच्या पोरी पाढे म्हणत होत्या, मधूनच शिंकत होत्या. मी उठले आणि निघाले. मागून आप्पांचा झोपाळू आवाज आला, "दार लोटून घे गं. शेळ्या शिरतेत."

मी मागे वळले आणि दार लोटून घेतलं.