वहिनीचं सोवळं

माझा भाऊ ढुंढिराज हा गंगाकाठच्या दूधविनायक मोहल्ल्यातला नावाजलेला भिक्षुक. दिवसातून तीनदा गंगेत बुडी मारतो आणि पानाची पिंक मात्र स्वतःच्याच जिन्यावर टाकतो. सख्खा असला तरी मला त्याची किळस येते. महाराष्ट्रातून त्याच्याकडे श्राद्धाला यजमान येतात. त्यांचा सोवळ्यातला स्वयंपाक कालिंदीवहिनी लग्न झाल्यापासून रांधते आहे.

आषाढात वहिनीच्या गर्भाशयाच्या मुखाचा बारीक तुकडा तपासला. कर्करोग नव्हता, पण त्याच्या अलीकडचीच पायरी होती. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समजावलं. हे एका विषाणूमुळे होतं; अंगातल्या पहारेकरी पेशी एरवी त्याला हुसकून लावतात. इथंही त्या जमल्या होत्या, पण त्यांच्यातल्याच काही पेशी बाकीच्यांना आवरून धरत होत्या. तेवढा भाग कापून काढायचा आणि त्याच दिवशी घरी यायचं. "अब और मत रुकिए," असं त्या वहिनीला म्हणाल्या.

घरी येऊन मी हे सांगितलं, तर ढुंढिराजला फक्त पहारेकरी ऐकू आले. "म्हणजे शरीरच बघून घेईल की! कापायचं कशाला?"

आईनं मनातलं विचारलं, "नंतर रक्त किती दिवस जाणार?"

"दोन-तीन आठवडे," मी म्हटलं. आईचं तोंड वाकडं झालं. तेवढे दिवस वहिनी स्वयंपाकघरात चालणार नव्हती. मग श्रावण होऊ दे, गणपती होऊ दे, पितृपक्ष होऊ दे. सुनेचा जीव गेला तरी चालेल, पिंडाच्या भाताला विटाळ नको! शी! माझ्याच माहेरच्या माणसांची मला शिसारी आली.

पितृपक्षातली एक सकाळ. यजमान गंगेवरच्या राजा घाटावरून घराकडे निघाले होते. ओलं सोवळं नेसलेली वहिनी चुलीपासून उठली आणि म्हणाली, "मी बाहेरची झाले."

साफ खोटं होतं ते. पण आईनं पदर आवरला आणि ढुंढिराज भिंतीला चिकटला. "कशालाही शिवू नकोस! हट, बाजूला हो!" तो ओरडला. ती बाजूला झाली, लुगडं बदललं आणि सरळ जिना उतरली. कुठं निघालीस, हेसुद्धा कुणी विचारलं नाही. गल्लीच्या तोंडाशी मी ठरल्याप्रमाणे ई-रिक्शा थांबवून उभी होते; घरातलं हे सगळं तिनं मला रिक्शात सांगितलं.

संध्याकाळी तेवढा भाग काढून आम्ही परतलो आणि मी सगळं खरं सांगून टाकलं. ढुंढिराज दोन पावलं मागं सरला.

"आणि स्वयंपाक? किती दिवस हे?"

"महिनाभर," वहिनीनं आठवडा वाढवूनच सांगितलं. जिन्याचा कठडा धरून ती अजून उभीच होती.

दुखतंय का, हे त्यानं आजतागायत विचारलेलं नाही.