चौथा वॉशर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं, त्याला रबर हिच्या जुन्या स्लिपरचं. डाव्या स्लिपरचा पट्टा तुटला होता. हिरा, म्हणजे माझी बायको, ओटीवर बसून त्या स्लिपरच्या तळव्यातून रबराचे वॉशर कापत होती. बॉलपेनने चार गोल काढलेले. तीन कापून झाले होते. मी समोर गिरीजच्या क्लासचा कॉम्प्युटर उघडून त्याचा पंखा बसवत होतो, आणि दाराशी रिक्षावाला हॉर्न मारत होता.

"काका, गिरीजला जाऊन मला परत यायचंय हां! इथेच जेवायला बसू का?"

"राहू दे चौथा," मी हिला म्हटलं. "तीनवर भागेल."

"नाय भागनार. गुनगुनंल तो."

"गुणगुणू दे."

"मंग उद्या आना परत. उद्या देते कापून."

मी चौथा स्क्रू तसाच, नुसत्या पत्र्यावर आवळला आणि मशीन पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासता घासता ती मोरीतच आडवी झाली. डॉक्टर आमच्या जूचंद्रमध्येच होता, तरी तो येईपर्यंत सगळं संपलं होतं.

माझं शिक्षण सातवी. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही. फिरणारं असेल ते कळतं. आधी सीलिंग फॅन, पाण्याच्या मोटारी. मग वसईत कॉम्प्युटर आले आणि दुकानदार त्यांचे पंखे माझ्याकडे पाठवायला लागले. त्या वेळच्या मशीनला पाठीमागे दोन पंखे असायचे. एक वीज देणाऱ्या सप्लायच्या डब्यात, एक कॅबिनेटच्या पत्र्यावर.

पंख्याचा आवाज कमी करणं सोपं आहे. आवाज कशाचा ते ओळखणं कठीण. माझा डावा कान पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशॉपच्या आवाजात गेला, उजवा अर्धा. म्हणून ऐकायचं काम हिराचं. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्याच्या चौकटीला, मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटायची आणि तीनपैकी एक शब्द सांगायची. 'फुंकतो' म्हणजे हवेचा आवाज, जाळीतला कचरा काढा. 'किरकिरतो' म्हणजे दांडा ज्यात फिरतो तो आतला बुश सुकला, स्टिकर उचलून तेलाचा एक थेंब द्या. 'गुनगुनतो' म्हणजे पंखा बरा आहे, पत्रा बोलतोय. मग पंखा आणि पत्रा यांच्यामध्ये रबर घालायचं, चारही कोपऱ्यांत. ती कधी चुकली नाही.

ती गेल्यावर महिन्याभराने गिरीजच्या सबिना टीचरने बोलावलं. केळीच्या वाडीत त्यांचं घर, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास, पाच मशीन.

"काका, तुम्ही पाठवलेल्या चार नंबरच्या मशीनमध्ये बाई बसलीय."

"काय?"

"मुली म्हणतात. आतमध्ये बाई गुणगुणते. आणि सकाळी नाही हां, बरोबर दुपारी दोनला. मी असलं मानत नाही, पण त्यांच्या आया मानतात. फादरना बोलवा म्हणतात, पवित्र पाणी शिंपडायला."

"फादर आले तर आधी स्विच बंद करा."

टीचर हसल्या नाहीत. "दोघींनी क्लास सोडला. शनिवारपर्यंत आवाज गेला नाही तर मशीन दुकानदाराला परत. तो पंखा-बिंखा फेकून काय करायचं ते करेल."

मी चार नंबरसमोर बसलो. दीडला काही नव्हतं. बाहेर केळीची पानंही हलत नव्हती. दोन वाजले आणि सुरू झालं.

हूं. थांबला. हूं.

तांदूळ निवडताना हिरा ओठ मिटून असंच करायची. गाणं नव्हे. चढायचं, उतरायचं, खडा सापडला की थांबायचं. वेळही हीच, जेवणं आटोपल्यावरची. त्यातून ज्या कानाने मला टीचरचं बोलणं ऐकू येत नव्हतं, त्या डाव्या कानाला ते ऐकू येत होतं.

मी पत्र्यावर तळवा टेकला. आवाज बसला. तळवा उचलला, पुन्हा हूं. स्विच बंद केला. पंखे हळूहळू उतरले आणि शेवटी एक सुस्कारा आला, सूप खाली ठेवतानाचा.

मी पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद. तीनदा केलं.

आवाजाचं कारण मला तेव्हाच कळलं होतं. खोली तापली की सप्लायचा पंखा वेग वाढवतो. दोनच्या सुमाराला तो दुसऱ्या पंख्याच्या वेगाजवळ येतो. दोन आवाज कधी मिळतात, कधी सुटतात, म्हणून चढ-उतार. आणि तो आवाज पत्र्यात शिरतो चौथ्या कोपऱ्यातून, जिथे रबर नाही. डाव्या कानाचंही कारण असेल. मांडी कॅबिनेटला टेकली होती, हाडातून आलं असेल.

"सापडलं का, काका?" टीचर दारातून.

"सापडलं. एक वॉशर कमी आहे."

"एवढंच? सायकलची ट्यूब देते, घ्या कापून."

"जाडी जुळत नाही. पंखा वाकडा बसेल. उद्या आणतो."

ट्यूबची दुहेरी घडी घातली असती तर जुळली असती. मी बोललो नाही.

घरी आलो. स्लिपर बाकाखाली होती. तेराव्याला माझी बहीण ती टाकायला निघाली होती, तेव्हा मी तिच्या अंगावर ओरडलो होतो. तळव्यात तीन भोकं, त्यांच्या शेजारी चौथा गोल, नुसता शाईचा. तो कापला तर दोन वाजताचा आवाज जाणार. नाही कापला तर शनिवारी मशीन जाणार, आवाज त्याच्याबरोबर, आणि तिचे तीन वॉशरही कचऱ्यात. शिवाय दुपारचं तिला मुली घाबरतात, हे काही मला पटेना. तिला घाबरलेलं मी एकही पोर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराचंच ब्लेड घेतलं आणि गोल कापला. मी नेहमी रेघेबाहेर जायचो आणि ती बोलायची. या वेळी रेघेवरून गेलो. गिरीजला जाऊन चौथ्या स्क्रूखाली तो बसवला, मशीन चालू केलं, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागे टेकवली. पंखा फुंकत होता, बस.

शिकण्यासारखं एवढंच. चार स्क्रू असतील तर चार वॉशर लावावेत, दाराशी रिक्षा कितीही ओरडू दे.

"दोनपर्यंत थांबा ना, काका," टीचर म्हणाल्या. "खात्री करून जा."

"खात्री आहे," मी म्हटलं, आणि बाराच्या आत निघालो.