भिंगकाकूंचा सापळा

भिंगकाकूंचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे, आणि याची त्यांना लाज वगैरे अजिबात वाटत नसे. एकतीस वर्षं त्यांनी विमा कंपनीत दावे तपासले होते. गाडी ठोकली, दुकान जळलं, गोदामात पाणी शिरलं, अशा प्रकरणांचे फोटो त्यांच्या टेबलावर यायचे आणि काकू भिंग घेऊन त्यांत घुसायच्या. एकदा एका जळालेल्या दुकानाच्या फोटोत त्यांना कोपऱ्यात धडधाकट कॅलेंडर दिसलं, आणि त्यावर दाव्यातल्या आगीच्या तारखेनंतरचा महिना उघडलेला. तो दावा तिथेच आडवा झाला. ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला किमान चाळीस वेळा ऐकवली असेल, आणि प्रत्येक वेळी कॅलेंडरवरचं चित्र वेगळं असायचं, असं नवरा म्हणायचा.

निवृत्त झाल्यावर मात्र तपासायला घराशिवाय काही उरलं नाही. शेजारीण खरंच बहिणीकडे गेली होती का, नवरा फिरायला म्हणून बाहेर पडतो तेव्हा बुटांच्या तळव्यांना धूळ का नसते, अशी प्रकरणं सुरू झाली. शेवटी लेकीने फोनवर सुनावलं, "आई, तू बाहेर कुठेतरी काम बघ, नाहीतर बाबा एक दिवस खरंच लांब फिरायला जातील." आणि तिनेच ही संस्था शोधून दिली.

संस्था म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या तीन खोल्या. पहिलीत चिखलाचे बूट, दोऱ्या आणि पट्टे लावलेले कॅमेरे, दुसरीत दोन संगणक, तिसरीत डॉक्टरांचं टेबल आणि लोखंडी कपाट. डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या आणि रानातल्या प्राण्यांवर संशोधन करून डॉक्टर झालेल्या, पण खालच्या दुकानातले लोक अधूनमधून गुडघा दाखवायला वर यायचेच. मदतीला दोन-चार स्वयंसेवक आणि दर सहा महिन्यांनी एखादा शिकाऊ उमेदवार, एवढाच संसार.

गावाबाहेरच्या ओढ्याच्या कडेने बारा कॅमेरे झाडांना बांधलेले असत. समोरून काही हललं की ते आपोआप फोटो काढत. त्यातले निम्मे फोटो हलत्या गवताचे, उरलेल्यांतल्या बऱ्याच फोटोंत गाईचं पोट. बाकीच्यांत कुठे ससा, कुठे साळिंदर, कुठे मुंगूस. प्रत्येक फोटो दोघांनी वेगवेगळा बघायचा, आपापल्या यादीत प्राण्याचं नाव लिहायचं आणि महिनाअखेरीस याद्या उघडेपर्यंत त्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. नावं जुळली की नोंद पक्की. नाही जुळली तर फोटो डॉक्टरांकडे. हा नियम ऐकून काकू पहिल्याच दिवशी संस्थेच्या प्रेमात पडल्या. इथे माणसांवर विश्वास ठेवायची कुणी अपेक्षाच करत नव्हतं!

दोन वर्षं सुखाने गेली. मग ती मुलगी आली.

ती शिकाऊ होती, विशीतली, बारीक चणीची, आणि जिन्याच्या एकदम दोन-दोन पायऱ्या चढणारी. आठवड्याचे तीन दिवस ओढ्यावर जाऊन कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या, ठसे आणि विष्ठेच्या नोंदी करायच्या, आणि उरलेले दिवस दुसरी यादी करायची, हे तिचं काम. पहिले पंधरा दिवस काकूंनी तिला शेजारी बसवून शिकवलं. "आधी शेपूट बघ," त्या सांगायच्या. "तोंड फसवतं, रंग फसवतो. शेपूट सहसा नाही फसवत." मुलगी मान डोलवायची आणि लिहून घ्यायची. एवढ्या तेवढ्यावर मान डोलवणारी माणसं काकूंना मुळात आवडत नसत.

पहिल्या महिन्यात दोघींच्या याद्यांमध्ये एकोणचाळीस ठिकाणी फरक निघाला. दुसऱ्या महिन्यात एकही नाही.

डॉक्टर खूश झाल्या. काकूंच्या मात्र डोक्यात घंटा वाजली. चारशे बारा फोटो आणि एकही फरक नाही? विम्यात दोन साक्षीदारांचे जबाब शब्दाला शब्द जुळले, की काकू आधी त्या दोघांचं नातं शोधायच्या. इथे तर काम सोपं होतं. काकू चारला घरी जायच्या, मुलगी सहापर्यंत थांबायची, आणि काकूंची यादी संगणकात कुणालाही उघडता येईल अशी पडलेली असायची.

त्या दिवसापासून काकूंनी तिच्यावर पाळत ठेवली. आणि पाळत ठेवली की काहीतरी दिसतंच. काकू मागून गेल्या की मुलगी वही मिटायची. स्वतःशीच हसायची. एकदा काकूंनी सहज विचारलं, "काय गं, काही विशेष?" तर ती कानापर्यंत लाल झाली आणि म्हणाली, "काही नाही, काकू."

"कुठेतरी पाणी मुरतंय," काकू घरी येऊन म्हणाल्या.

"स्वयंपाकघरातल्या नळाचं असेल," नवरा शब्दकोड्यातून डोकं वर न काढता म्हणाला. "अगं, पोरगी आहे. हसली तर हसू दे की."

"एकटी हसते."

"तुझ्यासमोर हसायची हिंमत कुणाची आहे?"

काकूंनी ते मनावर घेतलं नाही. तिसऱ्या महिन्यात त्यांनी सापळा लावला. सात नंबरच्या कॅमेऱ्याचे सात धूसर फोटो निवडले. पाण्याच्या कडेला एक ओलं, लांबुळकं जनावर, कुठे डोकं कापलेलं, कुठे अर्धं अंग गवतात. मुंगूस, हे तर उघडच होतं. काकूंनी सातही ठिकाणी लिहिलं, पाणमांजर. त्या ओढ्यावर पाणमांजर कुणी कधी पाहिलं नव्हतं. योगायोगाने कुणी लिहूच शकणार नाही असं नाव त्यांनी मुद्दाम निवडलं होतं. उत्तर जुळलं म्हणजे नक्कल, यात पळवाट नव्हती. फोटोंचे क्रमांक त्यांनी आपल्या छोट्या डायरीत उतरवून ठेवले, म्हणजे नंतर दुरुस्ती करता येईल.

बुधवारी याद्या उघडल्या. मुलीच्या यादीत सातच्या सात ठिकाणी पाणमांजर.

काकूंना खरं सांगायचं तर आनंद झाला. निवृत्तीनंतर इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या दोन्ही याद्या घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि मुलीलाही बोलावून घेतलं.

"मी कुणाची यादी बघितली नाही," सगळं ऐकल्यावर मुलगी म्हणाली. "मला पाणमांजरच दिसलं. माझ्या वहीत आहे. याद्या उघडेपर्यंत बोलायचं नव्हतं, म्हणून मी..."

"पकडलं गेल्यावर सगळ्यांच्या वहीत काहीतरी असतंच," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी फोटो पुढे ओढले, बराच वेळ बघितले आणि चष्मा काढला. "यावरून मी काहीच ठरवू शकत नाही. फार धूसर आहेत. पण काकू, तुम्ही मुद्दाम चुकीचं लिहिलंत?"

"सापळा होता तो, डॉक्टर. आणि माझं म्हणणं लिहून घ्या. जाणूनबुजून खोटी नोंद करणाऱ्या माणसाला या यादीला पुन्हा हात लावू देऊ नये."

मुलीने पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता. डॉक्टरांचं शिफारसपत्र शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचलं नाही, तर तिचं वर्ष वाया जाणार होतं. पत्र लिहून तयार होतं. डॉक्टरांनी ते खणात ठेवलं आणि खण बंद केला. "उद्या मी दिवसभर ओढ्यावर आहे. शुक्रवारी सकाळी ठरवू. वही कोण तपासणार?"

"मी," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. "तपासा. तुमचाच प्रांत आहे तो."

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर काकू वही उघडून बसल्या. आधी शिवण पाहिली, मधली पानं फाडली आहेत का ते मोजलं. मग तारखा. मग पेन्सिलीचा दाब, नंतर घुसडलेलं अक्षर जरा वेगळं उठतं. दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारच्या पानावर त्या थांबल्या. सात नंबरच्या कॅमेऱ्याजवळच्या चिखलातला ठसा मापाने काढला होता. पाच बोटं, आणि बोटांमध्ये पडदा. बाजूला लिहिलं होतं, विष्ठेत माशाचे खवले, खेकड्याच्या कवचाचे तुकडे. काकूंचे ते सात फोटो त्यानंतरच्या गुरुवारचे होते.

पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती. 'याद्या उघडल्या की सगळ्यात आधी काकूंना सांगायचं.'

ती ओळ काकूंनी दोनदा वाचली. पण एकतीस वर्षांची सवय अशी सुटते थोडीच? ही ओळ आज, मला वाचायला म्हणून लिहिली असेल तर? त्या उठल्या आणि कपाटाकडे गेल्या. ओढ्यावरच्या नोंदींची कार्बन प्रत त्याच दिवशी पाकिटात बंद करून कपाटात पडायची, पाकिटाच्या तोंडावर डॉक्टरांची सही आणि तारीख. याद्या उघडल्यावरच पाकिटं उघडायची. काकूंनी त्या मंगळवारचं पाकीट उजेडात धरलं, कडा बोटाने चाचपली, सहीवरून नख फिरवलं. कुणी हात लावलेला नव्हता. त्यांनी ते फोडलं. आत तोच ठसा होता, तेच खवले, आणि तळाशी, कार्बनच्या निळ्या अक्षरांत, तीच ओळ.

मग त्यांनी ते सात फोटो पुन्हा उघडले. चौथ्या फोटोत, गवताच्या फटीतून, शेपूट दिसत होती. मुळाशी जाडजूड, टोकाकडे निमुळती होत गेलेली. मुंगसाची केसाळ असते, ही गुळगुळीत होती. हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, आणि काकूंनीच पंधरा दिवस बसून ते त्या मुलीला शिकवलं होतं. दुसऱ्या महिन्यात याद्या का जुळल्या, तेही आता त्यांना कळलं. आपण शिकवलेलं सगळं पोरीने घेतलं होतं, एवढंच.

घरी नवऱ्याने विचारलं, "काय, सापडला का चोर?" काकू कोरा कागद आणि पेन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर यायच्या आधी त्या जिन्यात हजर होत्या. त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं, की या वर्षाच्या नोंदींत जाणूनबुजून केलेल्या सात खोट्या नोंदी आहेत, त्या मी केल्या, आणि खाली सही.

डॉक्टरांनी कागद वाचला, वही पाहिली, चौथा फोटो मोठा करून पाहिला. मग खण उघडला आणि पत्र पाठवून दिलं. तेव्हा साडेनऊ वाजले होते.

"नियम तुम्हीच सांगितला होता, काकू," त्या म्हणाल्या. आवाज कडक नव्हता.

"हो. बदलायचा नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी संगणकाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली.

मुलगी पहिल्या खोलीत बुटांचा चिखल खरवडत बसली होती. काकू तिच्यासमोर उभ्या राहिल्या. माफी मागायचा सराव नसल्यामुळे ती मागताना त्यांनी दोनदा घसा खाकरला. "पत्र गेलं तुझं. मी चुकले. नुसती चुकले नाही, तुझं वाईट केलं."

मुलीने बूट खाली ठेवला. ती हसली नाही, की जाऊ दे असंही म्हणाली नाही. "मला आधी विचारायचं तरी होतं, काकू."

"विचारलं असतं तरी विश्वास ठेवला नसता."

मुलीने हाताचा चिखल पुसला. मग म्हणाली, "एक सांगाल? ते फोटो निवडलेत तेव्हा तुम्हाला खरंच मुंगूस दिसलं? शेपूट बघायला तर तुम्हीच शिकवलं मला."



"मी फोटो बघतच नव्हते गं," त्या म्हणाल्या. "मी तुला बघत होते."

मग त्या खाली वाकल्या, दुसरा बूट उचलला आणि त्याचा चिखल खरवडू लागल्या. बुटाला हात लावायला काही बंदी नव्हती.