अल्बारिन्यो आणि मूठभर तिरफळं

माझी धाकटी जाऊ वरळीला राहते आणि परदेशी वाइन मागवणाऱ्या कंपनीत नोकरी करते. मी लालबागला सासूबाईंबरोबर राहते आणि बांगड्याचं तिखलं करते. घरात मला जी काही किंमत आहे ती या तिखल्यामुळे, हे मी पंचवीस वर्षांत नीट ओळखून आहे. सासूबाई तोंडाने कधी चांगलं म्हणत नाहीत. जेवता जेवता ताट पुढे सरकवतात आणि म्हणतात, "वायच रस्सो घाल गो." तेवढं ऐकायला मी पातेल्याजवळ उभी असते.

मागच्या वर्षी जाऊ कामासाठी स्पेनला जाऊन आली. त्यानंतरच्या रविवारी सकाळीच तिचा फोन. "ताई, आज तुमचं तिखलं हवंच हं." आमचे नवरे, दोघे भाऊ, गावी गेले होते, आम्ही तिघीच. मी आत मसाला वाटत होते आणि ती बाहेर सासूबाईंना बाटली दाखवत होती. अल्बारिन्यो नावाची पांढरी वाइन. स्पेनमधल्या गॅलिशियाच्या समुद्रकाठची. तिथे आपल्यासारखाच पाऊस लागतो, म्हणून द्राक्षं ओलीने कुजू नयेत यासाठी दगडी खांबांच्या मांडवावर वेल उंच चढवतात. माणसं खाली उभी राहून डोक्यावरचे घड कापतात. वाइनला मागून समुद्राचा खारेपणा येतो म्हणे.

"म्हणजे आपल्या पडवळीचो माटवच मां!" सासूबाई म्हणाल्या आणि विचारतच सुटल्या. मासे कुठले मिळतात? भात खातात का? मध्येच चक्क हसल्या. मला त्यांनी पंचवीस वर्षांत विचारलेला प्रश्न एकच, गॅस बंद केलास का. माझा नुसता जळफळाट झाला.

तिखल्यात तिरफळं मोजून घालायची असतात, बिया काढून, जरा ठेचून. जास्त पडली की जिभेला मुंग्या येतात, मग कशाचीच चव कळत नाही. हे मला माहीत होतं, म्हणूनच मी मूठभर घातली. आता बघू तुझा समुद्र, असं मनात म्हटलंसुद्धा.

जेवायला बसलो. जाऊने पेल्यांत वाइन ओतली, सासूबाईंनी वाटीत घोटभर घेतली. जाऊने एक घास खाल्ला, एक घोट घेतला, पुन्हा घेतला आणि पेला खाली ठेवला. सासूबाईंनी भात कोरडाच संपवला. रस्सा मागितला नाही.

"तिकडे एका मळेवालीच्या घरी जेवायला होते," जाऊ म्हणाली. "पहिल्याच घोटाला मी तिला म्हटलं, हे आमच्या ताईंच्या तिखल्याबरोबर हवं. ही बाटली तुमच्यासाठी साडीत गुंडाळून आणली."

"यंदाची तिरफळं जहाल निघाली गं," मी म्हटलं.

"असू दे हो ताई. पुढच्या वेळी."

सोम-मंगळ आमच्याकडे मासे शिजत नाहीत. बुधवारी सासूबाई शेजारी गेल्या तशी मी तिखलं टाकलं, तिरफळं मोजून. फ्रिजच्या दारात अर्धी बाटली उरली होती. एक घास खाल्ला, वर एक घोट घेतला. थंडगार, लिंबासारखी आंबट, आणि मागून खरंच खारी. आमसुलाच्या आंबटाशी ती अशी काही मिळून गेली की मी उभ्या उभ्या दुसरा घोट घेतला. बया बरोबर होती. त्याचाही मला रागच आला. फोन करून सांगावंसं वाटलं, पण मग तिरफळांचंही सांगावं लागलं असतं.

दुपारी सासूबाई जेवायला बसल्या. ताट पुढे सरकवलं. "वायच रस्सो घाल गो."

मी वाढू लागले.

"आयतवारी तिकापण असोच रस्सो घालूचो होतो," त्या म्हणाल्या आणि खाली बघून भात कालवू लागल्या.