पाच टकटक

परवा नेपरव्हिलच्या घरी बर्फ पडत असताना गॅरेजवरचा दिवा आपोआप लागला. ड्राइव्हवेवर कुणीच नव्हतं. मी थेट तीस वर्षं मागे, कॅनडातल्या एका चिमुकल्या विमानतळावर जाऊन पोचलो.

विमानतळ आमच्या किचनएवढा. एकटा वॉल्टर तिकिटं तपासायचा, बॅगा उचलायचा आणि धावपट्टीवरचा बर्फही लोटायचा. थंडी अशी, की तोंडातून निघालेला शब्द खाली पडून फुटावा. दुपारी चारलाच काळोख झाला होता आणि मी जिला घ्यायला आलो होतो, त्या माझ्या बायकोचं, सुनंदाचं विमान वादळात वर कुठेतरी घिरट्या घालत होतं. धावपट्टी मात्र अंधारात.

"इथला स्विच गोठलाय," वॉल्टर म्हणाला. "आता पायलटने वरून रेडिओचं बटण पाच वेळा दाबलं, तरच दिवे लागतील."

तेवढ्यात काउंटरवरच्या रेडिओतून पाच टकटक आल्या. सावकाश, कुणी दार वाजवावं तशा. दिवे लागले आणि विमान उतरलं.

पायलटने आत येऊन वॉल्टरचा हात धरला. "थँक यू. आमचा रेडिओ अर्धा तास बंद आहे. तू दिवे लावले नसतेस तर संपलो होतो."

वॉल्टर माझ्याकडे बघत राहिला.

माझ्या प्रत्येक गोष्टीत सुनंदा टोकते, "अहो, किती वाढवाल?" परवा खिडकीशी ही गोष्ट पुन्हा सांगितली, तेव्हा मात्र तिने टोकलं नाही.

"पाचच होत्या," ती हळूच म्हणाली. "विमानातही ऐकू आल्या. बाहेरून."