खापराला पाणी

तुरीच्या ओल्या शेंगा सोलणं, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. दुपारचे चार वाजले असतील. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या घरापुढच्या ओट्यावर ऊन तिरपं आलं होतं. मधे परात, इकडे मी, तिकडे ती. मला शेंगा सोलता येतात, पण लक्ष राहत नाही. दाणे सालांत पडतात आणि सालं परातीत. तिनं दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा म्हणाली, "तुम्ही नुसते बसा. बसायला तरी येतं ना?" मी म्हटलं, "येतं." आणि बसलो. अर्ध्या शेंगा राहिल्या असताना ती म्हणाली, छातीत भरल्यासारखं होतंय... दाणे सांडू नयेत म्हणून तिनं आधी परात बाजूला सारली, मग भिंतीला टेकली. शेजाऱ्याच्या रिक्षातून दवाखान्यात नेलं. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं होतं.

तिचं नाव द्वारका. हे इथे लिहितोय, तोंडानं कधी घेतलं नाही. चव्वेचाळीस वर्षं 'ऐकलं का' एवढ्यावर संसार झाला. मी चौथीपर्यंत शिकलो आणि लग्नानंतरची सगळी वर्षं इथल्या डाइंग मिलमध्ये रंगाच्या मशीनवर काढली. लिहिणं माझं काम नाही. आमच्या मंडळाचे भिकन मास्तर म्हणाले, आबा, वहिनींबद्दल तुम्हीच लिहा, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघतो. म्हणून लिहितो. पण खोटं लिहिणार नाही. माणूस मेलं की लोकांच्या तोंडी लगेच गोड होतं. ती गोड नव्हती. फटकळ होती. मीही तसाच, म्हणून जमलं. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, इथे सगळ्यांना कळावं म्हणून साध्या भाषेत सांगतो.

आम्ही धुळ्याकडचे. पांडेसरा, भेस्तान इकडे आमच्या भागातली इतकी माणसं आहेत की चार गल्ल्या फिरलं तर निम्मं गाव भेटतं. आमचं मंडळ दर वर्षी आपल्याकडच्या चार जुन्या कलावंतांना पुरस्कार देतं. संबळ वाजवणारे, वही गाणारे, तमाशात सोंगं करून म्हातारे झालेले, ज्यांना आता कोणी विचारत नाही असे. शाल, नारळ आणि वर औषधपाण्याला काही. मला त्या कार्यक्रमाचं कधी कौतुक नव्हतं. भाषणं लांब आणि खुर्च्या कडक. ती मात्र दर वर्षी पुढच्या रांगेत. कारण तिचा बाप नथ्थूबाबा वही गायचा. वही म्हणजे आमच्याकडचं देवादिकांचं गाणं. ढोल वाजतो, एक जण कथा गातो आणि मागचे सगळे झील धरतात, म्हणजे शेवटची ओळ उचलून धरतात. नथ्थूबाबा एवढा गाणारा, पण दिवसा लोकांच्या शेतात निंदणी करायचा. त्याला आयुष्यात कोणी स्टेजवर बोलावलं नाही, हातात एक नारळ दिला नाही. हे ती कधी बोलून दाखवायची नाही. पण दुसऱ्या कोणा म्हाताऱ्याच्या खांद्यावर शाल पडली की हिच्या टाळ्या सुरू व्हायच्या, आणि सगळ्यांच्या थांबल्या तरी हिच्या चालूच असायच्या. मी कोपरानं ढोसायचो, "बस झालं, लोक बघतात." ती म्हणायची, "बघू द्या."

गेल्या वर्षी पंचाईत झाली. जे शेठ पुरस्काराचा खर्च उचलायचे त्यांनी हात आखडता घेतला. भिकन मास्तर घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, या वर्षी राहू द्यावं लागेल." ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "त्या चौघांना कळवून झालं?" मास्तर म्हणाले, "कळवलं तर. महिना झाला." "म्हणजे म्हातारं माणूस धोतर धुवून, घडी घालून बसलं असेल. त्याला आता नाही म्हणणार?" त्या चौघांत तोतारामबाबा होते. तिच्या बापाच्या मागे झील धरणारे. त्या सगळ्या फडातले ते एकटेच उरलेले, वय ऐंशीच्या पुढे. पुढच्या वर्षी देऊ असं त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? तिनं सूप खाली ठेवलं. "एक वाडी घ्या," म्हणाली. वाडी म्हणजे इकडे लग्नाचा हॉल. "गाणंबजावणं ठेवा, लोकांना जेवायला बोलवा. मी खापराचे मांडे करते. माणसं मांड्यांसाठी खिशात हात घालतील, तुमच्या भाषणांसाठी नाही."

मी म्हटलं, "डोकं फिरलं का? अडीचशे माणसांचे मांडे, या वयात?" ती म्हणाली, "तुम्हाला कोणी करायला सांगितलंय?"

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण पोळपाटावर मावत नाही अशी. वस्त्रगाळ पिठाची कणीक पाणी मारून मारून इतकी सैल करायची की ती तुटत नाही, नुसती लांबते. पुरण भरून थोडं लाटायचं, मग दोन्ही हातांवर घ्यायचं आणि झुलवत झुलवत मनगटापासून कोपरापर्यंत वाढवायचं, आरपार उजेड दिसेपर्यंत. मग विस्तवावर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायचं. तिच्याकडे दोन खापरं होती, माहेरची. लग्नानंतर सुरतेला आलो तेव्हा गाडीत ती मांडीवर घेऊन बसली होती, ट्रंक खाली आणि खापरं मांडीवर. त्या खापरांना पाणी लावायचं नाही, हा तिचा कायदा. कोरड्या फडक्यानं पुसायची आणि पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायची. सुनेलासुद्धा हात लावू द्यायची नाही.

आता माझं पाप सांगतो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी ती बायकांबरोबर डाळ निवडायला मास्तरांकडे गेली. मी माळ्यावरून खापरं उतरवली. पाहतो तर कोळशासारखी काळी. मला वाटलं, उद्या शेठ लोक येतील, गुजराती पाहुणे येतील, एवढं काळं भांडं बघून काय म्हणतील? घासली. काथ्यानं, साबणाची पावडर टाकून, चांगली लाल निघेपर्यंत. सावलीत वाळवली, पोत्यात बांधली, सुतळी मारली. तिला बोललो नाही. म्हटलं, उद्या बघून खूश होईल.

वाडीत भट्टीपुढे तिनं पोतं सोडलं आणि हात तसाच राहिला. माझ्याकडे पाहिलं. "पाणी लावलं?" मी म्हटलं, "थोडं." मातीनं पाणी पिऊन ठेवलं होतं. वरून कोरडं आणि आत ओलं. तिनं अगदी बारीक आच ठेवून दोन्ही खापरं तासभर नुसती शेकली, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत. मग आच वाढवली आणि... एक खापर फाटकन फुटलं. त्याचे चार तुकडे. दुसऱ्याची मोठी कड निखळून खाली पडली. बायका तोंडाला पदर लावून उभ्या. हॉलमध्ये खुर्च्या भरत होत्या, स्टेजवर ढोल जुळवणं चाललं होतं. कणीक तयार, पुरण तयार, आणि खापर नाही. मास्तर माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, "आबा, संपलं." मला जमिनीत जावंसं वाटलं. तिनं कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चव्वेचाळीस वर्षांत या माणसानं चहाची कपबशी विसळली नाही. आणि धुतलं तर हे धुतलं!" बायका हसल्या. मलाही हसू आलं, रडू येण्याच्या जागी. मग ती आचाऱ्याला म्हणाली, "महाराज, तुमची लोखंडाची मोठी कढई पालथी घाला."

आचारी सुरती. म्हणाला, "काकी, लोखंड पर नहीं थाय, बळी जशे." म्हणजे लोखंडावर होणार नाही, जळून जाईल. बरोबर होतं त्याचं. पहिला मांडा चिकटला आणि जळला. तिनं तो उचटून माझ्या हातात दिला. "हा तुमचा. खा." दुसऱ्याला भोकं पडली. खापर आच धरून ठेवतं, लोखंड माजतं. तिला ती कढई कळत नव्हती. पण मला कळली. उभा जन्म मी तापलेल्या लोखंडाशेजारी काढला आहे. रंगाच्या मशीनचा ताप घाईनं चढला की कापडावर चट्टे पडतात. काट्याकडे न बघता, नुसता हात जवळ नेला तरी मला अंदाज यायचा. मी पोत्याचा तुकडा पाण्यात बुडवला, पिळला आणि कढईच्या पाठीवर फिरवला. चर्र झालं. हात जवळ नेला, थांबलो आणि म्हटलं, "टाक." ती म्हणाली, "आता?" "टाक म्हटलं ना!" तिनं टाकला. मांडा फुगला, सुटला, तांबूस ठिपके आले, रुमालासारखी घडी झाली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. नुसतं म्हणाली, "पुसा." मी पुसलं. "टाक." "पुसा." असं चाललं.

मी तिला आयुष्यभर मांडे करताना पाहिलं होतं, पण पाठमोरी, जेवायच्या घाईत. त्या दिवशी पहिल्यांदा समोर बसून पाहिलं. खरं सांगतो, मी भ्यालो. एवढीशी बाई, गुडघे दुखतात म्हणून जिना थांबत थांबत चढणारी. तिच्या हातांवर ती कणीक पाण्यासारखी वाहत होती आणि सांडत नव्हती. उजेड तिच्यातून आरपार येत होता. पुढे बसलेले उठून भट्टीकडे येऊ लागले. एक शेठ मोबाईल वर धरून उभे होते, ते मोबाईल खाली करून नुसते बघत राहिले. स्टेजवर तोतारामबाबांची वही चालू होती आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या. मला वाटलं, म्हातारा रागावला असेल. ते दोघांच्या आधारानं खाली उतरले, ढोलवाल्याला घेऊन भट्टीजवळ आले आणि मास्तरांना विचारलं, "ही आमना नथ्थूनी आंडेर शे का?" आमच्या नथ्थूची लेक का ही? मास्तर हो म्हणाले. बाबांनी तिथेच, तेलाच्या डब्यावर बसून, नथ्थूबाबाची वही उचलली.

आणि ओळ संपली तेव्हा झील धरली ती हिनं. वही पुरुषांची. बाई तिच्यात गात नाही. हात न थांबवता, कढईवरची नजर न हलवता ती गायली. उंच, कोरडा, शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक जावी असा आवाज. लहानपणी बापाच्या पाठीमागे बसून तिनं सगळं ऐकून ठेवलं होतं, सगळं, एकही ओळ न विसरता. तोतारामबाबा क्षणभर थांबले, त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पुढची ओळ आणखी वर उचलली. हिनं तीही धरली. ढोलाच्या ठोक्यावर मांडा कढईवर पडत होता. चव्वेचाळीस वर्षं मी या बाईच्या हातचं खाल्लं, तिच्याशी भांडलो, तिच्या शेजारी झोपलो, आणि हा आवाज माझ्या घरात होता हे मला ठाऊक नव्हतं. माझे हात तसेच राहिले. मांडा काळा पडला तेव्हा ती ओरडली, "अहो, पोतेरं!"

शेवटची पंगत उठली तेव्हा मास्तर लांबून आले. येता येताच दोन्ही हात वर केले. झालं, पैसे जमले. महिन्यानं चौघांना शाली मिळाल्या. तोतारामबाबांनी शाल घेताना माईकवर आधी नथ्थूबाबाचं नाव घेतलं. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी हिच्या चालू होत्या. मी ढोसलं नाही. मीही वाजवत होतो.

लोक म्हणतात, त्या दिवशीची दगदग तिला बाधली. मी ते मानत नाही. त्यानंतर ती तीन महिने जगली, आणि त्या तीन महिन्यांत ती भाजी चिरतानासुद्धा गायची. मी पेपर वाचायचं सोंग करून ऐकायचो. एकदा तिनं पकडलं. "पेपर उलटा धरलाय," म्हणाली.

फुटलेल्या खापराचे तुकडे तिनं तुळशीच्या कुंडीत घातले. दुसरं खापर, कड गेलेलं, तिनं वर धाब्यावर, म्हणजे गच्चीवर नेलं, उताणं करून कठड्यावर ठेवलं आणि तांब्याभर पाणी ओतलं, पाखरांसाठी. "आता पी," त्या खापराला म्हणाली, "किती प्यायचं ते." रोज सकाळी गुडघा धरून वर जायची आणि भरायची. मी कधी गेलो नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं होतं. ती मधल्या खोलीत. धुळ्याहून लेक निघाली होती, तिच्यासाठी सगळे थांबले होते. कोणी मला चहा देत होतं, कोणी हात धरून बसवत होतं. मी नळाखाली तांब्या भरला आणि जिना चढलो. मुलगा मागे आला, "आबा, कुठे?" मी चढत राहिलो. कठड्यावर खापर कोरडं पडलं होतं, तळाला हिरवट थर. दोन चिमण्या काठावर बसून आत बघत होत्या. मी कठड्याजवळ पडलेला काथ्या घेतला... हात थांबला. मग मी ते खापर घासलं, आतून, बाहेरून, लाल निघेपर्यंत, जसं त्या दुपारी घासलं होतं. खाली गल्लीत गाडी थांबली, लेकीचा हंबरडा ऐकू आला. मी तांब्या ओतला. मातीनं आधी थोडं पाणी पिऊन घेतलं, मग ते काठाशी येऊन थांबलं. मी दोन पावलं मागे सरलो, चिमण्यांना उतरायला जागा व्हावी म्हणून, आणि मग खाली गेलो.